वरची कोरी जागा

या ठरावात भाईंचा फायदा चार सौरदिव्यांचा होता. डांबरी रस्त्यापासून त्यांच्या नव्या निवास-न्याहारीच्या फाटकापर्यंत बरोबर चार खांब बसत. तारकर्लीत खोली न मिळालेले पाहुणे इकडे येत, तिन्हीसांजेला माडांच्या मुळांना अडखळत आणि घरी जाऊन मोबाइलवर दोनच तारे देत. खांब पंचायतीचे, ऊन देवाचं. भाईंनी फक्त ठराव जुळवायचा होता.

'महिलांच्या सुरक्षिततेसाठी' म्हटलं की ग्रामसभेत कोणी आडवं येत नाही, हे भाईंना ठाऊक होतं. म्हणून ठराव महिला सभेचा हवा. आणि बंदरवाडीत महिला सभा म्हणजे काय, तर भाईंनी रजिस्टर काखोटीला मारून घरोघर फिरायचं, पानाची वरची जागा कोरी सोडायची आणि खाली बायकांच्या सह्या घ्यायच्या. मजकूर मागाहून.

त्रेसष्ट सह्या झाल्या. दारोदारी बायकांनी एकच सांगितलं: सुरूच्या बनातल्या वाटेला उजेड हवा. महिन्यापूर्वी त्याच वाटेवर कुणा मोटारसायकलवाल्याने किशोरीच्या मुलीची, अक्षयाची, ओढणी ओढली होती. तेव्हापासून पोरगी मालवणला नर्सिंगच्या वर्गाला गेली नव्हती. भाई प्रत्येक दारात म्हणाले, "होय गो, लिवतंय." आणि चहा संपवून पुढच्या दारात गेले.

मजकूर उतरवायचं काम त्यांनी बायकोकडे दिलं. सुशीला सरपंच होत्या. पद बायकांसाठी राखीव निघालं तेव्हा उभ्या सुशीला राहिल्या होत्या आणि निवडून भाई आले होते. "अक्षर तुझा बरा," असं म्हणून त्यांनी फाटकापर्यंतच्या चार खांबांचा कच्चा कागद आणि रजिस्टर बायकोपुढे ठेवलं आणि पाहुण्यांसाठी गाद्या आणायला मालवणला गेले.

आज ग्रामसभेला तालुक्याहून विस्तार अधिकारी आले होते. त्यामुळे सरपंचांच्या शेजारची नेहमीची खुर्ची सोडून भाईंना शाळेच्या तिसऱ्या बाकावर बसावं लागलं. गुडघे मावत नव्हते, तरी ते खुशीत होते.

सुशीला उभ्या राहून वाचू लागल्या. "महिला सभा, ठराव क्रमांक एक. चार सौरदिवे पुढील ठिकाणी बसवावेत. पहिला एसटी थांब्यावर."

भाईंनी मान डोलावली. थांबा डांबरी रस्त्यालाच होता. सुरुवात चुकली नव्हती.

"दुसरा सुरूच्या बनाच्या तोंडाशी. तिसरा बनाच्या मध्यावर, पडक्या होडीजवळ. चौथा मासळीच्या धक्क्यावर."

भाईंनी बोटं मोजली. चार भरली, आणि फाटक आलंच नाही.

"ठराव क्रमांक दोन. यापुढे महिला सभा घरोघर सह्या घेऊन भरवू नये. धक्क्यावर, लिलाव उरकल्यावर भरवावी."

"ह्यो ठराव सभेत झालोच नाय!" भाई उठले. बाकही थोडा त्यांच्याबरोबर उठला.

अधिकाऱ्यांनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं. "मग या त्रेसष्ट सह्या कुणी घेतल्या?"

"त्यो मी..." म्हणता म्हणता भाईंच्या लक्षात आलं, की या वाक्याला पुढे वाट नाही.

मागून आनंदीबाईंचा आवाज आला. दात एक नाही, पण धक्क्यावर त्यांच्याइतका चढा भाव कोणी घेत नसे. "पेन तूच दिलंस मरे, भाई! नि म्हणालंस, लिवतंय. मगे आता लिवलेला वाचल्यार उठलंस कित्याक?"

बायका खदखदून हसल्या.

"साहेब, सह्या आधी झाल्या, हे खरं," सुशीला म्हणाल्या. "म्हणून परवा सकाळी मी पान घेऊन धक्क्यावर गेले. बायका सांगत गेल्या, मी लिहीत गेले. ह्ये तेव्हा गाद्ये आणूक गेल्ले."

अधिकारी ते पान वरपासून खालपर्यंत वाचून गेले. मग म्हणाले, "ज्यांचं हेच म्हणणं आहे, त्यांनी आत्ता हात वर करा."

बायकांच्या बाजूला बांगड्या वाजल्या. पाठोपाठ पुरुषांच्या बाजूलाही हात उठू लागले. त्यांच्या घरच्या बायका मागेच बसल्या होत्या. एवढ्या हातांत आपला एकट्याचा खाली ठेवणं पुढच्या निवडणुकीला परवडणारं नव्हतं. भाईंनी हात वर केला.

"दिवे कधी लागतील?" खिडकीजवळून अक्षयाने विचारलं. महिन्याभरात ती पहिल्यांदाच चारचौघांत बोलली.

"वीसेक दिवस तरी जातील," अधिकारी म्हणाले.

"माझी परीक्षा सोमवारी आसा. परतीची एसटी येयसर काळोख पडता."

सुशीलांनी रजिस्टर मिटलं. "तवसर आमच्याकडची पाव्हण्यांची मोठी बॅटरी आसा. ती घेवन ह्ये थांब्यार उभे रवतले." मग तिसऱ्या बाकाकडे बघून म्हणाल्या, "रवशात मां?"

त्रेसष्ट तोंडं भाईंकडे वळली.

"होय गो," भाई म्हणाले. सवयीने पुढचंही निघून गेलं, "लिवतंय."

"लिव नको रे बाबा," आनंदीबाई ओरडल्या. "ये!"

सोमवारी पावणेसातच्या एसटीतून अक्षया उतरली. भाई थांब्यावर होते. पेपर कसा गेला ते त्यांनी विचारलं, आणि दोघं बनात शिरली. पडक्या होडीपाशी ती म्हणाली, "काकानू, वायच पुढे धरा."

भाईंनी बॅटरी पुढे धरली. सह्या बायकांच्या, अक्षर सुशीलांचं, चार दिवे पंचायतीचे. हा पाचवा तेवढा भाईंच्या हातात होता, आणि त्याचं चार्जिंग त्यांच्याच मीटरवर.