पितळी की रबरी

“पितळी नगं, अण्णा. रबरीच बसवा.”

गुंडाप्पा मिस्त्रीनं लॉरीखालून मान बाहेर काढली. मागच्या कमानपाट्याच्या कडीत बसणारा नळीसारखा बुश पार झिजून गेला होता. पाटा मोकळाच हलत होता, आणि जुनी लॉरी खड्ड्याखड्ड्याला आदळत होती. मिस्त्रीच्या एका हातात पितळी बुश होता, दुसऱ्यात जुन्या टायरमधून कापलेला रबरी.

“रबर ह्या वजनाला टिकायचं न्हाय, बसवराज. मुरुम गावापतूर तरी जाशील का?”

“तिला दणका सोसायचा न्हाय.”

वर ताडपत्रीखाली, जाड गोधड्यांवर बसवराजची बायको जगदेवी कण्हत होती. पहिलटकरीण. सोलापुराहून माहेरी निघालेली, अन् वाटेतच कळा सुरू झालेल्या. नळदुर्गाच्या नाक्यावर निजामाच्या जवानांनी तिचं विव्हळणं ऐकून झडती न घेताच लॉरी सोडली होती. त्यातलाच एक जवान आता नाक्यालगतच्या ह्या गॅरेजसमोर झाडाखाली चहा पीत बसला होता. अठ्ठेचाळीसचा उन्हाळा, आणि नाक्यानाक्यावर बंदुका.

गुंडाप्पानं पितळी बुश पाट्याच्या कडीला लावून हातोडा घातला. एकच. बसवराजनं झडप घालून त्याचा हात धरला.

“हातोडा नगा, पाया पडतो.”

“अरं, पितळ ठोकल्याबिगर बसतंय व्हय? रबर साबणाच्या पाण्यानं सरकंल, पण दोन कोसांत फाटंल. मग माळावर बाळंत करशील का तिला?”

“रबरीच,” बसवराज रडकुंडीला येऊन म्हणाला.

गुंडाप्पाची बायको शांताक्का सुईणपण करायची. कण्हणं ऐकून ती गरम पाणी घेऊन आली आणि लॉरीत चढली. “नगा, नगा” करत बसवराज तिच्यामागं धावला.

तेवढ्यात गुंडाप्पा पुन्हा लॉरीखाली शिरला. नवऱ्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्या लेकराचा विचार कुणीतरी करायला हवा होता. चार घाव पुरले असते. त्यानं पितळी बुश कडीला लावला, हातोडा उचलला.

शांताक्का सरपटत लॉरीखाली आली आणि तिनं त्याचं मनगट घट्ट पकडलं. जवानाकडं पाठ करून ती नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली,

“बाई पोटुशी न्हाय. गोधडीखाली हातबाँब हायत.”