डावा हात

अंथरुणाला खिळलेल्या सासूचं नऊ वर्षं सारं करून हिसाए पार थकून गेली होती. सासू गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी उरकले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती कानाझावातल्या एका छोट्या सुशीच्या दुकानात एकटीच जेवायला गेली. तिथे गिऱ्हाईक काही मागत नाही. ओट्यापलीकडे उभा असलेला ओनुकी आपल्या मनाने एकेक घास वळतो, पुढ्यात ठेवतो आणि तो खायचा.

तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

"झोपू नका हं ताई," ओनुकी म्हणाला. "अजून अकरा घास यायचेत."

"कुणीतरी आयतं वाढतंय ना, त्यानंच डोळे मिटताहेत," ती म्हणाली.

पहिले दोन घास त्याने नेहमीसारखे ठेवले. तिसऱ्यापासून मात्र तो घासाचं तोंड दुसरीकडे वळवू लागला, डावखुऱ्या माणसाला उचलायला सोपं जावं तसं.

"मी उजव्या हातानं जेवते," हिसाए म्हणाली.

ओनुकीने तिच्या हाताकडे पाहिलं. "आल्यापासून तर डाव्यानंच जेवताय."

खरंच, जेवायच्या काड्या डाव्या हातात होत्या आणि बोटांनी त्या सराईतपणे धरल्या होत्या. जन्मात तिने त्या हाताने कधी घास उचलला नव्हता.

इतकं थकावं का माणसानं, असं मनाशी म्हणत तिने काड्या खाली ठेवल्या आणि ती उजवा हात वर घ्यायला गेली. तो येईना.

ओट्याखाली, तिच्या मांडीवर, तो कुणीतरी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.