शेवटचं बटन

व्हिडिओ फसला, तर वसंतरावांची खिडकी वाचणार होती. नांदेडच्या त्या कॉलेजात शिष्यवृत्तीच्या खिडकीवर बावीस वर्षं त्यांचं राज्य होतं. पोरं रांगेत ताटकळायची, बाप हात जोडायचे, वसंतराव निवांत चष्मा पुसायचे. आता प्राचार्या राजश्री मॅडमनी फर्मान काढलं होतं: ऑनलाइन अर्ज कसा भरायचा ते स्क्रीनवरच रेकॉर्ड करा आणि पोरांच्या ग्रुपवर टाका. रांग संपली की वसंतरावांची बदली, संस्थेच्या लोहा गावातल्या कॉलेजात.

आवाज वसंतरावांचा, माउस अफसानाचा. ती खिडकीवरची कंत्राटी ऑपरेटर.

“सर, जरा दमानं. आधी कुठं दाबायचं ते सांगा, मग मी दाबते. पोरं मोबाईलवर बघणार हायेत.”

“मला शिकवायलीस?”

नाव, गाव, उत्पन्न, बँक खातं, सगळं त्यांनी घडाघडा उरकलं. अफसानानं ‘जतन करा’ दाबलं. हिरवी खूण उमटली.

“झालं. बंद कर.”

“सर, ‘कॉलेजला पाठवा’ ऱ्हायलं की! त्याच्याबिगर अर्ज इथं येतच न्हाई.”

“म्हणून तर! अडली की येतील खिडकीवर. तू कंत्राटी हायस, तोंडाला जरा आवर घाल.”

तिनं बंद केलं. संध्याकाळी ग्रुपवर टाकलं. वसंतरावांनी व्हिडिओ उघडूनही पाहिला नाही. स्वतःचं बोलणं त्यांना पाठ होतं.

पहिल्या दिवशी खिडकीवर कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी एक मुलगी आली, तीही ग्रंथालय कुठं आहे ते विचारायला. शेवटच्या तारखेला दुपारपर्यंत व्हरांडा मोकळाच होता आणि वसंतरावांना घाम फुटला. हिरवी खूण बघून पोरं घरी निवांत बसली असणार! उद्या एकही अर्ज पोचला नाही, तर मान कोणाची धरणार? किती अर्ज आले ते अफसानाच्या लॉगिनवर दिसत होतं. पण तिला विचारण्यात कमीपणा होता. तिच्यावर ढकलणं सोपं होतं.

ते तडक मॅडमच्या केबिनमध्ये शिरले. “मॅडम, त्या पोरीनं घात केला. मी सांगितलेलं कापून टाकलं. ‘कॉलेजला पाठवा’ व्हिडिओत न्हाईच!”

मॅडमनी मोबाईलवर व्हिडिओ लावला आणि शेवटाला नेला. हिरवी खूण उमटली. पुढं अफसानाचा आवाज आला, अगदी सावकाश. “थांबा, उठू नका. अजून एक बटन हाय. खाली या. निळं दिसतंय का? आधी बघा, मग दाबा.”

“जे गाळलंच नाही,” मॅडम म्हणाल्या, “नेमकं तेच गाळायचं होतं, हे तुम्हाला कसं माहीत, वसंतराव?”

वसंतरावांना एकाएकी खोकला लागला.

पाचशे सात अर्ज वेळेत पोचले. वसंतराव लोह्याला गेले. पगार तोच, आणि तिथं रांग अजून लागते. अफसानाला मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला आणि कंत्राट संपल्याचा कागद पुढं सरकवला.

“इतका छान व्हिडिओ केलास गं,” त्या मनापासून म्हणाल्या, “की आता खिडकीवर माणूसच लागत नाही.”