इंद्राणीची बोटं

१९७५ साली मोठा सिक्लोन, म्हणजे चक्रीवादळ, आला, तेव्हा पेती राफ्रे गावच्या तुलसीरामनं दोन महिन्यांच्या गरोदर कुंतीला वाऱ्यापावसातून शाळेच्या आसऱ्याला पळवत नेलं. सप्टेंबरात इंद्राणी जन्मली, तिच्या उजव्या हाताची दोन बोटं जुळलेली होती.

"तुम्ही पळवलंत, म्हणून माझ्या लेकीचा हात असा झाला," कुंती म्हणाली.

"माझंच चुकलं," तुलसीराम मान खाली घालून म्हणाला. त्यानंतर ती त्याच्याशी अवाक्षर बोलली नाही. 'बापाला सांग, भात वाढलाय,' असा लेकीकरवीच संसार चालला. नऊ वर्षांनी तो वारला.

१९८६ साली इंद्राणीच्या हाताचं ऑपरेशन ठरलं. म्हातारे दोक्तेर चंद्रमोहन कुंतीला म्हणाले, "बाळ घडताना आत सदा खळबळच असते, बाई. तरी जनुकं एकमेकांना धरून असतात. एक चुकलं की दुसरं सावरतं. धावल्या-घाबरल्यानं बोटं बिघडत नाहीत, हे रक्तातून येतं."

"कुणाच्या रक्तातून?"


"बाळंतपणातच मी तुझ्या पायाची जुळलेली बोटं पाहिली. तुलसीरामला सांगितलं, तर म्हणाला, 'तिला कळू देऊ नका, स्वतःलाच खात बसेल. मी पळवलं म्हणूनच झालं, असं राहू द्या.'"