बाईंची मालवणी

भाषाशास्त्र विभागात तीनशे बारा कॅसेट होत्या. प्रत्येकीवर एक माणूस आपल्या गावच्या बोलीत बोलत होता आणि प्रश्न विचारत होत्या घाडीबाई. त्यांची स्वतःची मालवणी एकाही कॅसेटवर नव्हती.

निवृत्तीच्या दिवशी शाल दिल्यावर आम्ही त्यांनाच माइकसमोर बसवलं.

"आई गेल्यापासून मालवणी बोललेच नाही रे. विसरले असेन," त्या म्हणाल्या.

"विसरलो म्हणणाऱ्याला आधी लहानपणाबद्दल विचारा, हे तुम्हीच शिकवलंत, बाई," मी म्हणालो आणि त्यांचीच प्रश्नावली उघडली. "पोहायला कोणी शिकवलं?"



"आवशीन माका पोवाक शिकवल्यान," आईची आठवण सांगत त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि त्या बोलत राहिल्या.

ध्वनिमुद्रण एक तास सेहेचाळीस मिनिटांचं झालं.