शहाण्णव डाव्या बाह्या

कारखान्याच्या फाटकापाशी येऊन मास्तर मागे वळले, तेव्हा बायकोने त्यांच्या हातातली पिशवी ओढून घेतली. पिशवीत कात्री, टेप आणि खडू होता.

"परवाही इथूनच परत आलात," ती म्हणाली. "आज मी आत सोडूनच जाणार."

"लोक म्हणतील, नवऱ्याला शाळेत पोचवायला आलीय."

"म्हणू देत. दोन वर्षं म्हणतच आहेत."

ते खोटं नव्हतं. मास्तर कोटांच्या एका मोठ्या कारखान्यात कापणीचे मुख्य होते. बावीस वर्षांत कुणाला बोट ठेवायला जागा मिळाली नव्हती. मग एका सकाळी त्यांनी अठ्ठेचाळीस कोटांच्या बाह्या कापल्या आणि शहाण्णवच्या शहाण्णव डाव्या निघाल्या.

कापडाला सुलटी बाजू असते, तशी उलटीही. एकावर एक थर लावताना सुलटीसमोर सुलटी आली, की एकाच आखणीतून डावी-उजवी जोडी निघते. सगळे थर सुलटी वर करून लावले, तर सगळ्या बाह्या एकाच हाताच्या. म्हणून यंत्र चालवण्याआधी मास्तरने थरांचा कोपरा उचलून बघायचा असतो. नवशिक्यालाही हे पहिल्याच दिवशी सांगतात.

त्या रंगाचं कापड पुन्हा मिळालं नाही. गिऱ्हाईक हातचं गेलं आणि संध्याकाळी मास्तर कायमचे घरी आले.

काम करणाऱ्याच्याच हातून चुका होतात, असं सगळेच म्हणतात. म्हणून कुणी सोडत मात्र नाही. मेव्हण्याने भरल्या ताटावर विचारलं, "दाजी, मला कोट शिवलात तर उजवा हात उघडाच ठेवणार का?" सगळे हसले. मास्तरही हसले. बायको मात्र अर्ध्या जेवणातून उठून आत गेली. शरमेने तिची मान वर होत नव्हती. तीही त्याच कारखान्यात, त्याच मजल्यावर कामाला होती. महिन्याभरात तिनेही काम सोडलं. आता कोणत्या तोंडाने जायचं, एवढंच ती म्हणाली.

तेव्हापासून मास्तर घरी बसून पँटी आखूड करत, चेनी बदलत. कुरकुर नाही, चिडचिड नाही. चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांच्या खाली घातलेल्या मानेकडे बघवेना, तेव्हा तिनेच चार ठिकाणी विचारून हे काम शोधलं.

नवा कारखाना लहानसा होता, बारा यंत्रांचा. मालकीणबाईंनी चष्मा कपाळावर सरकवून दोघांना न्याहाळलं, बायकोला दाराजवळच्या बाकावर बसवलं आणि मास्तरांना लावून ठेवलेले थर दाखवले.

मास्तरांनी चारही कोपरे उचलून बघितले. मग पुन्हा बघितले. खडूने आखलं आणि यंत्र फिरवलं.

मालकीणबाईंनी सगळ्यात वरची बाही सगळ्यात खालच्या बाहीवर ठेवली. सुताचाही फरक नव्हता.

"हात गेलेला नाही तुमचा," त्या म्हणाल्या. "डाव्या बाह्यांचे मास्तर ते तुम्हीच ना?"

मास्तरांचे कान लाल झाले. "हो."

बाकावर बायकोने नजर जमिनीला लावली.

"थर कोणी लावले होते?"

"मीच."

"कापणीचा मुख्य कधीपासून थर लावायला लागला? तीस वर्षं या धंद्यात आहे मी. मला वेड्यात काढू नका."

मास्तरांनी कापलेल्या बाह्यांची चळत सारखी केली.

"बरं, कोपरा का नाही उचललात? आज तर दोन-दोनदा बघितलात."

"त्या दिवशी गरज वाटली नाही. विश्वास होता."

"कोणावर?"

मास्तर कात्री फडक्यात गुंडाळायला लागले.

"हे बघा मास्तर, चूक मी पोटात घालीन. पण झाकाझाकी करणारा माणूस मला नको. आज कुणा दुसऱ्याची झाकताय, उद्या माझ्या इथली झाकाल आणि माल बाहेर गेल्यावर मला कळेल. नाव सांगा आणि उद्यापासून कामाला या. नाहीतर आलात तसे जा."

"नाव नाही सांगणार, बाई," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "कोपरा बघणं माझं काम होतं. मी बघितला नाही."

ते दारापाशी आले. "चल," त्यांनी बायकोला सांगितलं. कामावरून काढलं त्या संध्याकाळी त्यांचा चेहरा असाच उतरलेला होता. ती उठली, पण दाराकडे गेली नाही.

"माझ्यावर होता विश्वास," ती मालकीणबाईंना म्हणाली. "थर मी लावले होते."

मास्तरांनी तिचा दंड धरला. "नकळत झालं ते, बाई. तिला बोल लावू नका."

"नकळत नाही," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "यांनी यंत्र सुरू करायच्या आधीच मला कळलं होतं. सगळ्यांसमोर चूक सांगायची लाज वाटली."