हू मावशीचा डाव

"आठ मार्चची दुपार आपली. खुद्द देव बोलवायला आला तरी म्हणायचं, 'बाबा, उद्या ये.' आणि तडक माझ्याकडे यायचं. चौघी जमल्या नाहीत तर माजोंगच्या सोंगट्यांचा डाव बसत नाही. दे वचन!"

रेशीम गिरणीतून निवृत्त होताना हू मावशीने हे तिथेच काम करणाऱ्या यिनफांगकडून वदवून घेतलं होतं. महिला दिनी बायकांना सरकारी नियमानेच अर्धी सुट्टी असते. यिनफांगने ती नेमधर्मासारखी पाळली. एकदाही चुकवली नाही.

यंदा मात्र बाराचा भोंगा झाला आणि मॅनेजर थांग दारातच उभे राहिले.

"कुणी घरी जायचं नाही. जिल्ह्याचे नवे मोठे अधिकारी, ओयांग, यांना दोन वाजताचं निमंत्रण दिलंय. प्रत्येकीला फूल देतील, महिलांच्या प्रगतीवर बोलतील. तुमचाच सन्मान आहे!"

"मग सन्मान घरपोच पाठवा की," मागून कुणीतरी म्हणालं.

"नवी गटप्रमुख मला याच आठवड्यात नेमायचीय," यिनफांगकडे बघत थांग म्हणाले. "लक्षात असू दे."

यिनफांगने पिशवी परत खुंटीला अडकवली. मग बायकांनीच सभागृह झाडलं, खुर्च्या मांडल्या, चहा ठेवला. यिनफांग कात्रीने कार्नेशनच्या फुलांचे देठ छाटून ती पाण्याच्या बादलीत ठेवू लागली.

"नवरीनेच वऱ्हाडाची भांडी घासायची!" शेजारची मेइच्यू फणकारली.

थांगनी टेबलावर भारी सिगारेटचा खोका मांडला.

"साहेब ओढतात?" यिनफांगने हळूच विचारलं.

"एवढ्या हुद्द्याचा माणूस ओढणार नाही तर काय शेंगदाणे खाणार?"

खिशात फोन थरथरला. मावशीचा निरोप होता: 'टेबल मांडलंय. तिघी बसलोय. मेलीस का?' यिनफांगने फोन परत खिशात टाकला. नुसतं वचनच नाही, चौघींचा डावही मोडतोय, हे तिला ठाऊक होतं.

दोन वाजून गेले. अडीच झाले. थांगनी घाम पुसत जिल्ह्याच्या कार्यालयात फोन लावला. सगळ्यांनी ऐकावं म्हणून फोनचा आवाज मोठा केला.

"ओयांग साहेब निघाले का?"

"ओयांग बाई?" पलीकडून एक पुरुष म्हणाला. "त्या बारालाच घरी गेल्या."

"घरी? अहो, आमचं निमंत्रण..."

"मिळालं ना. दुपारची वेळ बघून पोट धरून हसल्या. म्हणाल्या, कुणीतरी गंमत केलेली दिसतेय. आज बायकांची अर्धी सुट्टी! इथे चहासुद्धा मीच उकळतोय." पलीकडे कप खणखणले. "का हो, तुमच्याकडच्या अजून कामावर आहेत?"

यिनफांगने कात्री खाली ठेवली, फुलांची बादली उचलली आणि मावशीच्या घराची वाट धरली.